कोल्हापुरीची कड: प्राडा प्रकरण, कारागिरीच्या बाजूने

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन घराचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. दाखवायचे होते २०२६ च्या उन्हाळी हंगामाचे कपडे, पण आपल्याकडे बातमी झाली ती पायांतल्या वस्तूची. पुढून उघडी, अंगठा असलेली, वेणीच्या पट्ट्याची ती सपाट चप्पल पाहून कागल-निपाणीकडच्या शेंबड्या पोरानेही तिचं नाव सांगितलं असतं. कंपनीच्या लेखी मात्र ती नुसती 'चामड्याची सँडल' होती. कोल्हापूरचा उल्लेख नाही, भारताचाही नाही.

याचं नवल वाटायला आणखी एक कारण आहे. २०१० मध्ये याच प्राडाने 'मेड इन' नावाची मालिका काढली होती. स्कॉटलंडचं चौकड्यांचं टार्टन, पेरूची अल्पाका लोकर, जपानची डेनिम आणि भारताची चिकनकारी, प्रत्येकाच्या लेबलावर देशाचं नाव ठळक. म्हणजे श्रेय कसं द्यायचं हे या घराला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांनी वाचलेला आहे. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चरने कंपनीला पत्र लिहिलं. प्राडा समूहात सामाजिक जबाबदारीचं खातं सांभाळणारे लोरेंझो बेर्तेल्ली यांनी उत्तरात मान्य केलं की शतकांची परंपरा असलेल्या भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांवरून हे सुचलेलं आहे. ही रचना प्राथमिक टप्प्यात असून उत्पादनाचा निर्णय झालेला नाही, असंही कळवलं. जुलैत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि १६ जुलैला फेटाळली गेली. त्याच सुमारास प्राडाची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात मुंबईत करार झाला: एका बाजूला प्राडा, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं तसंच महामंडळ लिडकर. २,००० जोड इथे बनवायचे, किंमत ८०० युरोंच्या आसपास, आणि फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत व ऑनलाइन विकायचे, अशी घोषणा झाली.

या सगळ्यात एकाच भांडणात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या: चपलेचं रूप, चपलेचं नाव आणि चपलेचं काम. प्राडाने उचललं ते रूप. कायदा राखतो ते नाव. आणि कारागिराच्या हातात असतं ते काम, ज्याबद्दल जून-जुलैच्या गदारोळात सर्वात कमी बोललं गेलं. मी इथे त्या तिसऱ्या गोष्टीकडून प्रकरणाकडे बघणार आहे.

याचिका का टिकली नाही

आधी नाव आणि रूप यांचा निकाल लावू. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. ते दोन राज्यांना मिळून आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. 'आमची कोल्हापुरी' म्हणून जे आपल्याकडे तावातावाने बोलत होते त्यांच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं, शंकाच आहे. कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या दुकानांत टांगलेला बराच माल अथणी-निपाणीकडून येतो, आणि त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

१९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा म्हणतो की हे नाव बाहेरच्याने वापरून गिऱ्हाइकाची दिशाभूल करू नये. प्राडाने नाव वापरलंच नव्हतं. न वापरल्याबद्दलच तर लोक चिडले होते! रूपाचं म्हणाल तर रचनेची नोंदणी फक्त नव्या रचनेला मिळते, तीही जास्तीत जास्त पंधरा वर्षं. पिढ्यान्‌पिढ्या पायात असलेल्या आकाराला तो दरवाजा बंदच. न्यायालयाने याचिकाकर्त्यांना विचारलं की तुम्ही या मानांकनाचे मालक नाही, मग तुमचा अधिकार काय? नोंदणीकृत मालक लिडकॉम आणि लिडकर ही दोन महामंडळं आहेत. यायचं तर त्यांनी यावं. निकाल ऐकायला कोरडा वाटतो, पण कायद्याच्या अंगाने त्यात वावगं काही नाही. संताप खरा होता, त्याला बसेल असं कलम नव्हतं.

फोटोत न दिसणारं

आता चप्पल हातात घ्या. उलटी करा. पट्टा आणि वेणी सगळेच बघतात; माहीतगार माणूस आधी कड बघतो.

कोल्हापुरीचा तळ म्हणजे चामड्याचे एकावर एक थर, टाचेकडे आणखी दोन-तीन. हे थर म्हशीच्या जाड कातड्याचे, आणि ते कातडं वनस्पतींनी कमावलेलं: चुन्यात भिजवून केस काढलेलं, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवलेलं. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगत, तीत हे पाणी भरत, झिरपून गेलेलं पुन्हा वर ओतत आणि काही दिवसांनी पिशवी उलटी टांगत. या कामाला आठवडे लागतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं कातडं एक-दोन दिवसांत तयार होतं. वरून रंग दिला की दोन्ही सारखीच दिसतात. पण कापलेली कड खोटं बोलत नाही. बाभूळ-हिरड्याचं कातडं आरपार एकाच तांबूस तपकिरी रंगाचं असतं. क्रोमच्या कातड्याच्या मधोमध निळसर राखाडी रेघ दिसते. म्हणून नकली माल बनवणारा कडेला हमखास रंगाचा जाड थर चढवतो.

कड साफ करणं हे रापीचं, म्हणजे कातडं छाटायच्या हत्याराचं, काम. शिवण झाल्यावर सगळे थर एकाच वळणात छाटायचे असतात. हात थांबला, की थांबला तिथे पायरी पडते. टाचेच्या वळणावर बोट फिरवून बघा: चांगल्या जोडात पाच थर एका ठोकळ्यातून काढल्यासारखे लागतात, घाईच्या जोडात नखाला प्रत्येक थर वेगळा अडकतो. मग कड ओली करून घासायची. वनस्पतींनी कमावलेलं कातडं घासलं की त्याचे तंतू दबून बसतात आणि कडेला स्वतःची चमक येते. क्रोमच्या कातड्याला ती तशी येत नाही. पानावरच्या, म्हणजे पाय टेकतो त्या वरच्या थरावरच्या, ठशांचंही तेच. ओल्या कातड्यावर ठोकलेला ठसा सुकल्यावर तसाच राहतो, क्रोमच्या मऊ कातड्यावर तो फुगून पुसट होतो. थोडक्यात, ही सजावट या कातड्यावरच उठते.

शिवण वादीची. कातड्याचीच बारीक पट्टी, भिजवलेली, आरीने पाडलेल्या भोकांतून ओढलेली. सुकताना ती आकसते आणि टाका आवळला जातो. खिळा नाही. यामागे परंपरेइतकंच रसायन आहे: हिरड्या-बाभळीतल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, ओलेपणी लोखंड लागलं की काळानिळा डाग पडतो आणि तो जात नाही. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई करत, तीच ही प्रक्रिया. लोखंडी खिळा मारलेली चप्पल पहिल्या पावसात खिळ्याभोवती काळी पडते, मग तिथलंच कातडं ठिसूळ होतं. वादीचं टोक कुठे गेलं हेही बघायची गोष्ट. नीट जोडात ते दोन थरांच्या मध्ये दडवलेलं असतं. टाचेखाली गाठ लागली तर समजा कुणाला तरी संध्याकाळच्या आत डझन पुरा करायचा होता.

पट्टा तळाला थेट जोडलेला नसतो. तळाच्या थरांमध्ये सारलेले आणि दोन्ही बाजूंनी वर आलेले 'कान' असतात, त्यांना तो बांधलेला असतो. कानांची उंची डाव्या-उजव्या पायात दोरीभर चुकली तरी चालताना एक पाय बाहेर सरकतो. वेणी विणणं, शिवणीचं बारीक काम हे बहुतेक घरांतून बायका करतात. कातडं छाटणं, तळ ठोकणं पुरुष करतात. आणि त्याच्याही आधी कातडं कमावणारे हात वेगळे असतात. एका जोडावर तीन-चार जणांचं काम असतं आणि दुकानातल्या पाटीवर त्यातल्या एकाचंही नाव नसतं. मिलानला श्रेय मागताना हे आठवलेलं बरं.

फरमा नसलेलं मापाचं पायताण

प्राडाला हे सगळं कळत नसेल असं मानू नका. १९१३ मध्ये मिलानच्या गॅलरिया या बाजारदालनात चामड्याच्या वस्तूंचं दुकान म्हणूनच या घराची सुरुवात झाली. १९९९ मध्ये त्यांनी नॉर्थॅम्प्टनचा चर्चेस हा १८७३ पासूनचा बूट बनवणारा कारखाना विकत घेतला. तिकडचा बूट म्हणजे मुळात न दिसणाऱ्या कामाची किंमत लावण्याचा धंदा. त्यातही वरची पायरी म्हणजे मापाचा हातशिवणीचा बूट, लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या जॉन लॉबसारख्या दुकानातला. तिथे आधी गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी फरमा, म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, कोरतात आणि तो जपून ठेवतात. मग इनसोलच्या, म्हणजे बुटाच्या आतल्या तळाच्या, पोटात धार कोरून तिच्यातून मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने वरचं कातडं आणि कडेची पट्टी एकत्र शिवतात. ही शिवण बुटाच्या आयुष्यात कुणालाही दिसत नाही. तळाची कड काचेने खरवडून, कानशीने घासून, तापवलेल्या लोखंडाने मेण बसवून चमकवतात. रापी, ओलं कातडं, घासणं, तेच तर सगळं. फरक आहे तो फरम्याचा.

पारंपरिक कोल्हापुरीला फरमा नसतो. मापाची चप्पल सांगितली तर पाय कातड्यावर ठेवून भोवती रेघ मारायची; तयार मालात नंबराप्रमाणे कापलेलं पान वापरायचं. पट्टा किती सैल ठेवायचा हे कारागिराच्या बोटांना माहीत. उरलेलं माप घालणारा स्वतः पुरं करतो. नवी कोल्हापुरी चावते. तेल लावायचं, आठ-पंधरा दिवस अंगठ्याच्या बाजूची सालं सोसायची, मग ते कातडं पायाचा घाट घेतं आणि त्यानंतर ती चप्पल दुसऱ्या कुणाला होत नाही. लंडनचा कारागीर माप लाकडात ठेवतो, आपला कारागीर ते गिऱ्हाइकाच्या पायावर सोडतो. दोन्ही मापाचीच पादत्राणं. एकाची शेवटची सफाई दुकानात होते, दुसऱ्याची घरी.

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. पॅरिसमध्ये ८०० युरो मोजणारा माणूस चावणारी चप्पल घेईल का? फार तर एखादा हौशी घेईल. बाकीच्यांसाठी तिला आधीच मऊ करावं लागेल. भारतीय हातकाम आणि इटालियन तंत्र यांचा मिलाफ, असं करार जाहीर करताना सांगितलं गेलं. तंत्र म्हणजे नेमकं काय, ते किती आत जाणार, यावर सगळं अवलंबून आहे. पट्ट्याच्या आतून मऊ अस्तर लावलं तर फारसं बिघडत नाही. तळात फोमचा थर घातला तर कातड्याला पायाचा घाट घ्यायचं कारणच उरत नाही. मग बाभळीच्या सालीत आठवडे घालवून उपयोग काय, असा प्रश्न कुणीतरी हिशेबाच्या वहीत विचारणार. आणि तो विचारला गेला की कातडं कमावणारा पहिला बाहेर पडेल, कारण त्याचं काम सर्वात कमी दिसतं.

नंबरांचीही अशीच अडचण. युरोपी मापात एका नंबराचा फरक साडेसहा मिलिमीटरच्या थोडा वर, आपण वापरतो त्या इंग्रजी मापात साडेआठच्या आसपास. ४० दुकानांत ठेवायचे २,००० जोड म्हणजे ४१ नंबरच्या प्रत्येक जोडाचा अंगठा त्याच जागी हवा आणि कानही त्याच उंचीवर हवेत. हाताच्या कामात हे अशक्य नाही, पण त्यासाठी साचे, मोजपट्टी आणि नाकारलेल्या मालाचे पैसे कोण सोसणार याची स्पष्ट लिखापढी लागते. दिल्ली-मुंबईच्या निर्यातदारांना माल देणाऱ्या कारागिरांना हा अनुभव जुना आहे: नाकारलेला जोड कारागिराच्या अंगावर पडतो. ज्याने आठवडाभर कातडं ठोकलं त्याला 'कडेला छटा वेगळी' म्हणून जोड परत मिळतो. वनस्पतींनी कमावलेल्या कातड्याची छटा वेगळी असणारच, उन्हात ती आणखी गडदही होते. हा दोष धरायचा की ओळख, हे करारातल्या गुणवत्तेच्या तक्त्यात आधी ठरवावं लागेल. तो तक्ता कारागिरांना बसवून मराठी-कन्नडमध्ये लिहिला असेल तर निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

करकर आवाजाचं काय करतील, याची मला खरंच उत्सुकता आहे. गावाकडे ऐटीत चालणाऱ्याची चप्पल वाजलीच पाहिजे. थर एकमेकांवर घासून आवाज येतो, आणि तो नीट यावा म्हणून काही कारागीर थरांत विंचू नावाच्या वनस्पतीचं बी घालतात. मिलानच्या लाकडी फरशीवर तोच आवाज तक्रारीच्या वहीत जाईल.

२,००० जोड म्हणजे किती

आकड्याकडे दोन्ही अंगांनी बघता येतं. ८०० युरोंनी २,००० जोड म्हणजे १६ लाख युरोंची विक्री. प्राडाच्या उलाढालीत ही रक्कम खिजगणतीत नाही. एका जोडाचे सुमारे ८४ हजार रुपये होतात, आणि कोल्हापुरात चांगला जोड हजार-दोन हजारांत मिळतो. या दोन आकड्यांमधलं अंतर बघून लोक चिडतात, पण माझं बोट दुसरीकडे आहे. इथला भाव कमी आहे तो प्राडामुळे नाही. ३०० रुपयांची रेक्झिनची, पुठ्ठा भरलेली, खिळे ठोकलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून आपण स्वतः घेतो, रस्त्यावर घासाघीस करून घेतो, आणि मानांकनाचा कायदा तिथे खरोखर लागू होत असताना त्याबद्दल कुणी याचिका करत नाही. लिडकॉमने प्रमाणित जोडांना क्यूआर कोड द्यायला सुरुवात केली आहे. तो वाचला की जोड कुठल्या कारागिराने, कुठल्या जिल्ह्यात केला ते कळतं. दुकानदाराला तो मागणारं गिऱ्हाईक भेटतं का, हे बघायला हवं.

कराराची जमेची बाजू मोठी आहे आणि ती मान्य करायला हरकत नाही. दोन्ही महामंडळं, म्हणजे मानांकनाचे कायदेशीर मालक, प्रथमच एका परदेशी मोठ्या घराशी एकत्र बसली. काम आठ जिल्ह्यांच्या पट्ट्यात व्हायचं आहे. कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही त्यात समावेश आहे. एक खटकतं: प्रकल्पाच्या नावात चप्पल कोल्हापुरीवरून 'प्रेरित' आहे. जी वस्तू मानांकनाच्या जिल्ह्यांत, तिथल्याच हातांनी होणार तिला सरळ कोल्हापुरी म्हणता येतं. प्रेरित म्हटलं की तळात काय घालायचं याची मोकळीक राहते. कंपनीच्या वकिलाने ती ठेवली तर नवल नाही. महामंडळांच्या वकिलांनी ती का दिली, हे विचारायला हवं.

शेवटी सगळं येऊन ठेपतं कातड्यावर. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीच्या कायद्यामुळे बैलाचं कातडं मिळणं जवळपास थांबलं, कर्नाटकातही पुढे कायदा कडक झाला. म्हशीच्या कातड्यावर तळाचं भागतं, पण पट्ट्याला लागणारं पातळ, चिवट कातडं महागलं आणि बरंचसं तामिळनाडूतून येऊ लागलं. कोल्हापुरात पिशवीच्या पद्धतीने कातडं कमावणारी घरं थोडी उरली आहेत. काम घाणीचं, वासाचं, पाण्याच्या प्रदूषणावरून नोटिसा येणारं आणि वर जातीचा शिक्का मारणारं. त्या घरातला शिकलेला मुलगा ते करणार नाही आणि त्याने का करावं हे त्याला सांगायचा अधिकार आपल्याला नाही. कराराचं प्रशिक्षण चप्पल बनवणाऱ्यांसाठी आहे. सामायिक सांडपाणी प्रक्रिया, कातड्याला ठरलेला भाव, कमावणाऱ्याचं नाव क्यूआर कोडात, यांपैकी काहीही प्राडाने द्यायचं नाही. ते दोन राज्य सरकारांच्या हातात आहे आणि त्यासाठी मिलानच्या परवानगीची गरज नाही.